१९७४ ची पद्मिनी घरीच इलेक्ट्रिक करायची म्हणतो, नागपूरच्या उन्हात जमेल का?

धरमपेठची_पद्मिनी:

नमस्कार मंडळी. आमच्याकडे बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे. १९७४ ची, म्हणजे 'प्रेसिडेंट'चं नाव बदलून 'पद्मिनी' झालं त्याच वर्षातली. बाबांनी ती १९८१ मध्ये रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांकडून घेतली. सायीच्या रंगाची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढची सीट सोफ्यासारखी सलग, चारी चाकांना ड्रम ब्रेक. बॉडीला गंज जवळपास नाही, कारण ती कायम छपरात राहिली आणि बाबा दर रविवारी स्वतः पुसतात. अजूनही पुसतात. त्यांचं वय ७८.

दुखणं एंजिनाचं आहे. मे महिन्यात दुपारी व्हरायटी चौकात सिग्नलला दोन मिनिटं उभी राहिली की बंद. मग बाबा उतरतात, बोनेट उघडतात, सीटखालची पाण्याची बाटली काढतात, जुन्या धोतराचा तुकडा ओला करून पेट्रोल पंपावर गुंडाळतात आणि छत्री घेऊन शेजारी उभे राहतात. दहा-पंधरा मिनिटांनी गाडी चालू होते. पूर्वी लोक येऊन विचारायचे, 'काका, धक्का देऊ का?' आता पोट्टे व्हिडिओ काढतात. यंदा असं तीनदा झालं आणि तिसऱ्या वेळी बाबांना भोवळ आली. त्या दिवशी मी ठरवलं, हे एंजिनच काढायचं.

मी बँकेत आहे, पण हाताला कामाची सवय आहे. घरातलं वायरिंग मी केलंय, मेहुण्याकडे वेल्डिंगचं मशीन आहे. बेत असा: ई-रिक्षाची ४८ व्होल्टची मोटर, इन्व्हर्टरच्या चार बॅटऱ्या डिकीत, गिअरबॉक्स आहे तोच. रोजचं फिरणं २५ ते ३० किलोमीटर. धरमपेठ ते महाल, कधी मानेवाड्याला आत्याकडे. ताशी ५० पुरे. फक्त सेमिनरी हिल्सचा चढ चढायला हवी, बाबांना तिकडे फिरायला आवडतं. कंपाउंडमध्ये १५ अँपिअरचा प्लग आहे. एका इलेक्ट्रिक किट विकणाऱ्याने फोनवर साडेपाच लाख सांगितले आणि गाडीचं मॉडेलसुद्धा विचारलं नाही, म्हणून तो नाद सोडला.

कोणी घरी केलंय का? मोटर कोणती, बॅटरी कोणती, आणि आरटीओचं काय?


ई_रिक्षा_गॅरेज:

भाऊ, मी रोज तीन-चार रिक्षा खोलतो. मोटर कंट्रोलरसकट मिळते, कायले इतकं डोकं लावता. पाच सवाऱ्या अन् वरून गॅस सिलिंडर घेऊन चालते आपली रिक्षा. फियाटमध्ये तर दोघंच बसणार. या एखाद्या दिवशी, लावून देतो. फक्त चढावर थोडा दम घेईन गाडी.


मानेवाडा_काका:

रिक्षावाल्या भाऊंचा हात चांगला असेल, त्यात वाद नाही. पण 'थोडा दम घेईन' हा हिशोब कागदावर मांडून पाहू.

पद्मिनी नऊशे किलोच्या आसपास. बाबा, तुम्ही आणि बॅटऱ्या धरून हजार किलोच्या वर जाते, पण हिशोबाला हजारच धरा. दहाला एक असा चढ असेल तर नुसतं वजन वर ओढायला सुमारे ९८० न्यूटन लागतात, टायरच्या घर्षणाचे आणखी दीडशे. ताशी २० ने चढायचं म्हटलं तरी सव्वासहा किलोवॉट झाले. रिक्षाची मोटर एक-सव्वा किलोवॉटची. तिच्यावर हाच चढ ताशी चारच्या आत, म्हणजे माणसाच्या चालीनेही नाही. आणि त्या चालीने चढेपर्यंत मोटर जळून जाईल ते वेगळं. सपाट रस्त्यावर मात्र ५० च्या वेगाला चार-साडेचार किलोवॉटात भागतं. म्हणून सतत ८ ते १० किलोवॉट देणारी आणि थोडा वेळ दुप्पट भार सोसणारी मोटर हवी. त्याच्या खाली जाऊ नका.

हे पुस्तकातलं सांगून नाही राहिलो. मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात ३१ वर्षं मेंटेनन्सला होतो. २२० व्होल्टची डीसी स्टेशन बॅटरी हाताळण्यात अर्धी नोकरी गेली. निवृत्तीनंतर १९६७ ची स्टँडर्ड हेराल्ड घरी इलेक्ट्रिक केली. तीन वर्षं लागली. त्यातलं दीड वर्ष माझ्याच चुका निस्तरण्यात गेलं, त्या तुम्ही करू नका म्हणून लिहितो.

हेराल्ड घेतली कारण तिला खाली वेगळी चेसिस आहे आणि बोनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं. टायरवर बसून काम करता येतं. तुमच्या फियाटला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. मेहुण्याचं वेल्डिंग मशीन त्यांच्याकडेच राहू द्या. फियाटच्या फ्लोअरला भोक पाडून बॅटरीची पेटी टांगली तर पाच वर्षांनी दारं लागणार नाहीत. एंजिन ज्या बोल्टांवर बसतं त्याच बोल्टांवर मोटरची फ्रेम बसवायची, आणि टाकी काढल्यावर मागे जी जागा होते तिथे तिचेच बोल्ट वापरायचे. उद्या परत एंजिन चढवायचं ठरलं तर एका दिवसात चढलं पाहिजे. चढवावंसं वाटतं, हे लिहून ठेवा.

मोटर मला हिंगणा एमआयडीसीतल्या एका बंद गोदामाच्या लिलावात मिळाली. फोर्कलिफ्टची, ७२ व्होल्टची डीसी सिरीज मोटर, वजन ६० किलोच्या वर, १८ हजाराला. सिरीज मोटरचा स्वभाव सांगतो. सुरुवातीचा जोर तिच्यासारखा कोणाचा नाही, म्हणून तर जुन्या रेल्वे एंजिनांत तीच असायची. पण भार नसताना पूर्ण व्होल्टेज दिलं तर तिला थांबणं माहीत नाही. वेग वाढत जातो, वाढत जातो, शेवटी कम्युटेटरच्या, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या, पट्ट्या सुटून उडतात. गाडी न्यूट्रलमध्ये असताना चुकून पाय दाबला तरी तेच. म्हणून टेबलावर तपासायची ती १२ व्होल्टवर, आणि तीसुद्धा साखळीने बांधून, कारण चालू होताना ती उडी मारते.

मला हे सगळं माहीत होतं. तरी एका संध्याकाळी आंगणात '४८ वर कशी फिरते पाहू' असं मनात आलं. सुरक्षेसाठी म्हणून घरातला ६३ अँपिअरचा एमसीबी मध्ये लावला होता. मोटर फिरली, आवाज चढला, मग शिट्टीसारखा झाला. मी एमसीबी खाली ओढला आणि मोटर फिरतच राहिली. एसीचा एमसीबी होता तो. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, ठिणगी आपोआप विझते. डीसीत शून्य येतच नाही, आतल्या आत आर्क पेटून राहतो. डबीच्या फटीतून निळा उजेड दिसत होता आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला होता. शेवटी फड्याच्या दांड्याने केबल उपटली. आतून सौ. ओरडली, 'काहून, कूलर जळला का?' मी हो म्हणालो. तिला खरं अजून सांगितलं नाही, आणि ती हे वाचत नाही.

म्हणून डीसीसाठी बनवलेला कॉन्टॅक्टर (मोठा करंट जोडणारा-तोडणारा, विजेनेच चालणारा स्विच), डीसीचाच फ्यूज, आणि ड्रायव्हरच्या हाताशी लाल डोक्याचा आणीबाणीचा स्विच. हे तीन आधी विकत आणायचे, मोटर नंतर. कॉन्टॅक्टरला समांतर प्रीचार्जचा रेझिस्टर लावायचा. कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटरला वीज मोजून देणाऱ्या पेटीत, मोठाले कपॅसिटर असतात, ते रिकामे असताना एकदम बॅटरी जोडली तर शेकडो अँपिअरचा झटका बसतो आणि कॉन्टॅक्टरचे पॉइंट वेल्ड होतात. वेल्ड झालेला कॉन्टॅक्टर म्हणजे बंद न होणारी गाडी.


धरमपेठची_पद्मिनी:

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. रिक्षाच्या मोटरचा नाद सोडला. दोन शंका. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या चालतील का, आमच्याकडे दोन नव्याच पडून आहेत. आणि ब्रेकचं काय? एंजिन काढलं की व्हॅक्यूम जातो आणि ब्रेक कडक होतो असं कुठेतरी ऐकलं.


मानेवाडा_काका:

ब्रेकची काळजी नको. तुमच्या १९७४ च्या गाडीला व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा बूस्टरच नाही, नुसता हायड्रॉलिक ड्रम ब्रेक आहे. बाबा इतकी वर्षं स्वतःच्या पायानेच ब्रेक लावून राहिले, व्हॅक्यूमच्या नाही. फक्त एक ध्यानात ठेवा, सिरीज मोटरमध्ये उतारावर वीज परत बॅटरीत जात नाही आणि एंजिनसारखा अटकावही मिळत नाही. गिअर टाका की न टाका, सेमिनरी हिल्सवरून उतरताना सगळा भार ब्रेकच्या लायनिंगवर. एसी मोटर घेतली तर हा प्रश्न सुटतो, पण कंट्रोलरचा खर्च वाढतो.

इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचं मात्र ऐका. मी तेच केलं होतं. ट्यूब्युलर, १५० अँपिअर-अवरच्या सहा. एकेक पन्नास-पंचावन्न किलोची. तीनशे किलोच्या वर वजन हेराल्डच्या मागे ठेवलं, तर तिची मागची चाकं वरून आत झुकली आणि खालून फाकली. बदक बसावं तशी दिसायची. तिचे मागचे एक्सल झुलते असल्यामुळे तसं झालं, तुमच्या फियाटला अखंड एक्सल आणि पाटे आहेत. तिथे चाकं फाकणार नाहीत, पाटे सपाट होतील आणि प्रत्येक खड्ड्याला एक्सल रबरावर आपटेल. शिवाय या बॅटऱ्या दहा-वीस तासांत हळूहळू रिकाम्या होण्यासाठी बनवलेल्या. गाडी तासाभरात सगळं मागते, मग हाती निम्मंही लागत नाही. कागदावर ९० किलोमीटर, मैदानावर ३५. २००१ मध्ये बंगळुरूहून रेवा आली तीसुद्धा लेड-ॲसिडवरच होती, ४८ व्होल्ट, आठ बॅटऱ्या. पण ती गाडी त्यासाठीच जन्मली होती, आणि ज्यांच्याकडे होती त्यांना बॅटरी बदलायचा खर्च विचारून पाहा.

मग मी लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल घेतले. ३.२ व्होल्टचे, २०० अँपिअर-अवरचे, २४ नग एका ओळीत. ७६.८ व्होल्ट, १५ किलोवॉट-तास, आणि सगळ्यांचं वजन मिळून शंभर किलोच्या आत. दहा पुढे, चौदा मागे. माझी हेराल्ड किलोमीटरला ११० ते १२० वॉट-तास खाते. बॅटरी ८० टक्केच वापरली तरी शंभर किलोमीटर निघतात. तुमच्या ३० किलोमीटरला याच्या निम्मी बॅटरीही पुरेल असं वाटेल, पण बॅटरी लहान असली की चढावर प्रत्येक सेलवर ताण दुप्पट. सव्वासहा किलोवॉटच्या त्या चढाला ७२ व्होल्टवर शंभर-एकशे दहा अँपिअर लागतात. २०० च्या सेलला ते काहीच नाही, १०० च्या सेलला घाम फुटतो.

सेल जोडतानाची एक गोष्ट. दोन ओळींवर तांब्याच्या पट्ट्या कसून राहिलो होतो, १३ चा पाना हातातून निसटला आणि दोन टर्मिनलांवर आडवा पडला. आवाज फटाक्यासारखा नाही, नुसतं 'चट्' झालं. पाना तिथेच चिकटला. लाथ मारून पाडला तेव्हा त्याच्या पोटात हरभऱ्याएवढी खाच पडली होती. तो पाना शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवलाय. एक सेल गेला, साडेसात हजाराचा. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक पान्याला टोक सोडून सायकलची ट्यूब चढवलेली आहे.

मोटर आणि गिअरबॉक्स जोडणारी प्लेट वाडीतल्या एका लेथवाल्याकडून करून घेतली. आधी पुठ्ठ्याचा साचा, मग प्लायचा, मग १२ मिलिमीटरची प्लेट. मधलं सेंटर मी डोळ्याने धरलं. अर्धा मिलिमीटर चुकलं. पहिले दोनशे किलोमीटर गिअरबॉक्स भुंग्यासारखा गुणगुणला, मग इनपुट शाफ्टचा बेअरिंग गेला. दुसरी प्लेट डायल गेज लावून केली. सेंटर मिलिमीटरच्या दहाव्या भागात आलं पाहिजे, डोळ्याचं ते काम नाही.

खर्च विचारणार, म्हणून सांगून टाकतो. फुकट गेलेलं सोडून सव्वातीन लाख. अर्ध्याहून जास्त सेलमध्ये गेले. फुकट गेलेलं किती, ते सांगत नाही.


कागद_आधी:

मध्येच बोलतो, कारण आरटीओचा प्रश्न कोणी उचलला नाही. मी एजंट नाही, पण या टेबलांवर बरीच वर्षं बसलोय.

घरी केलेलं कन्व्हर्जन आरसीवर चढत नाही. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाने करायचा नाही. इलेक्ट्रिक किटला वाट आहे, पण ते किट एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे तपासलेलं हवं. पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट यांच्यासारख्या संस्थेचं प्रमाणपत्र किट बनवणाऱ्याने घ्यायचं असतं, तेही कोणत्या गाड्यांना बसेल ते ठरवून, आणि बसवणाराही त्यांनी नेमलेला. तसं झालं की आरसीवर इंधन बदलतं आणि हिरवी पाटी, पांढरी अक्षरं मिळतात. फोर्कलिफ्टची मोटर आणि वाडीची प्लेट घेऊन गेलात तर खिडकीवरचा माणूस चहा पाजेल, सही देणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याहून मोठं म्हणजे विमा. आरसीवर पेट्रोल आणि बोनेटखाली लिथियम असताना कोणाला धक्का लागला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

दुसरी गोष्ट कदाचित तुमच्या लक्षात आली नसेल. गाडी १९७४ ची, म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटली. २०२१ च्या नियमांप्रमाणे ती विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' येतं. नोंदणीचे २०,०००, दहा वर्षांसाठी, पुढच्या वेळी ५,०००. अट अशी की चेसिस, बॉडी आणि एंजिनात मोठा बदल झालेला नको. एंजिन काढलंत की ही वाट बंद. पण व्हीए घेतली तर रोजच्या फिरण्याला गाडी काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच. आत्याकडे जाणं यात बसत नाही.

तिसरी वाट, आहे तशी पेट्रोलवर ठेवून दर पाच वर्षांनी फिटनेस आणि आरसी नूतनीकरण, सोबत पर्यावरण कर. नुसत्या वयामुळे गाडी भंगारात काढायची सक्ती आपल्याकडे नाही. दिल्लीच्या बातम्या वाचून घाबरू नका.


धरमपेठची_पद्मिनी:

हे वाचून थोडा खचलोच. मग काका, तुमची हेराल्ड रस्त्यावर कशी?


मानेवाडा_काका:

रस्त्यावर नाहीच. काम मानेवाड्याच्या घरी केलं, मग टेम्पोत घालून कळमेश्वर तालुक्यात शेतावर नेली. अकरा एकर संत्रा आहे. नोंदणी आधीच रद्द करून घेतली. आता ती बांधावरून आणि शेतरस्त्याने संत्र्याचे क्रेट वाहते, नातू तिच्यात बसून पाटाचं पाणी पाहायला जातो. गेटच्या बाहेर तिचं चाक गेलेलं नाही. कागदवाल्या भाऊंनी लिहिलं ते अक्षर न् अक्षर बरोबर आहे, माझ्या आधी लिहिलं म्हणून बरं झालं, मी ते शेवटी ठेवणार होतो.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येतो. तुम्हाला एंजिनाचा राग नाही, मे महिन्याचा राग आहे. आणि मे महिना इलेक्ट्रिक गाडीलाही सोडत नाही.

माझ्या सेलच्या कागदावर लिहिलंय, चार्जिंग शून्य ते ४५ अंशांत. तो कागद लिहिणाऱ्याने नवतपा पाहिलेला नाही. पहिल्या उन्हाळ्यात दुपारी चार वाजता टिनाच्या शेडमध्ये सेलचं तापमान ४८ होतं, गाडी जागची हललेली नसताना. चार्जर लावला की बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवणारं सर्किट, नाही म्हणायचं. मला वाटलं बीएमएस बिघडलं, दोनदा खोललं. ते बिचारं आपलं काम करून राहिलं होतं. एकदा तर तशीच क्रेट भरून नेली, खालच्या वाफ्याजवळ चढाला लागली आणि बीएमएसने सप्लायच तोडला. क्रेट बैलगाडीने आणले. बैलाला तापमानाचा सेन्सर नसतो.

मग नागपूरकराला सुचावं तेच सुचलं. जुना डेझर्ट कूलर शेडमध्ये लावला, पत्र्याची नळी करून थंड वारा बॅटरीच्या पेटीत सोडला. तापमान झटक्यात ३४ वर. गावातून लोक पाहायला आले, गाडीला वाळ्याचा वास येतो म्हणून. महिन्याभराने पेटी उघडली तर तांब्याच्या पट्ट्यांच्या जोडांवर पांढरट पावडर. सेलचं टर्मिनल अॅल्युमिनियमचं, पट्टी तांब्याची, मध्ये कूलरची ओल. दोन वेगळे धातू आणि पाणी भेटले की काय होतं ते शाळेतलं पोर सांगेल. चार जोड इतके खराब झाले होते की तिथे करंट गेला की जोडच तापायचा, म्हणजे थंड करायला गेलो आणि हीटर बसवून आलो.

आता काय करतो ते सांगतो, फार हुशारीचं काही नाही. शेड टिनाचं काढून कौलारू केलं, कडुनिंबाच्या सावलीत. पेटीला बाहेरून पांढरा रंग, खाली आणि बाजूला दोन इंच हवा खेळेल अशी जागा, आत कोरडा पंखा. उन्हाळ्यात चार्जिंग रात्री दोनला टायमरने चालू होतं आणि सातच्या आत संपतं. दिवसभराच्या उन्हाचा तवा तोवर निवलेला असतो. मे महिन्यात अकरा ते पाच गाडी काढायची नाही. दोन उन्हाळे असे निघाले, सेलना काही झालेलं नाही.

पण तुमचे बाबा भर दुपारी महालात जातात. म्हणजे तीन-सव्वातीन लाख घालून ज्या वेळेला गाडी हवी नेमक्या त्याच वेळेला तिला सावली शोधावी लागणार.

म्हणून आधी हे करून पाहा. पंपावर ओलं फडकं ठेवल्याने गाडी चालू होते, याचा अर्थ पेट्रोलची वाफ होऊन अडते. तो पंप एंजिनला चिकटलेला, एंजिनच्या गरमीनेच तापतो, आणि टाकीपासून इतक्या लांबून पेट्रोल ओढून आणतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, दाब कमी झाला की पेट्रोल आणखी लवकर उकळतं. त्याऐवजी टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवा, तो पेट्रोल ढकलतो. कार्बोरेटरसाठी बनवलेलाच घ्या, इंजेक्शनच्या गाडीचा लावला तर कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई उचलून पेट्रोल बाहेर वाहील. एंजिन बंद पडलं की पंपही बंद होईल अशी सोय हवी. पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून लांब न्या. आणि सगळे रबर बदला. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, १९७४ च्या रबराला ते सोसत नाही, नळ्या मऊ पडतात आणि पंपातला रबरी पडदा, डायफ्राम, फाटतो. इथेनॉल चालेल असं लिहिलेली नळी मागून घ्या. आठ-दहा हजाराचं काम आहे, भोक एकही पाडावं लागत नाही. एक मे महिना काढून पाहा. तरी चौकात थांबली तर मग एंजिन काढायचा विचार करा, आणि तेव्हा प्रमाणपत्र असलेलं किट फियाटला मिळतं का ते आधी पाहा.


ई_रिक्षा_गॅरेज:

काका, कूलरवाली गोष्ट वाचून भल्ला हसलो. माह्या गॅरेजात एका पोट्ट्याने रिक्षाच्या सीटखाली बॅटरीपाशी बर्फाची पिशवी ठेवली होती. इलेक्ट्रिक पंप बसवायचा असल मले सांगा, मारुती ८०० च्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांत भरपूर बसवले आहेत.


धरमपेठची_पद्मिनी:

रिक्षावाले भाऊ, तुमच्याकडे पंपासाठी नक्की येतो. बाबांना काकांचं उत्तर वाचून दाखवलं. सगळं ऐकलं, काही बोलले नाहीत, मग म्हणाले, 'त्या हेराल्डचं बोनेट अजून पूर्ण उलटतं का विचार.' काका, एखाद्या रविवारी आम्ही दोघं पाहायला आलो तर चालेल का?


मानेवाडा_काका:

उलटतं. बिजागरीचा एक बोल्ट बदललाय, तो त्यांना सांगू नका, ओळखतात का पाहू.

या. पण सकाळी सातच्या आत पोहोचा, चार्जिंग संपतं आणि पेटी उघडून दाखवता येते. धरमपेठेतून काटोल रोडने तासभर धरा. हातातली अंगठी, कडं, गळ्यातली चेन घरी ठेवून या, आणि मोबाईल शर्टाच्या खिशात नको, वाकलं की सेलवर पडतो. रबरी चपला घाला. बाबांनाही पेटीपाशी उभं राहायचं तर हेच नियम, मग ते किती का जुने ड्रायव्हर असेनात.

फियाटनेच या. परत जायला दहा वाजलेच तर विहिरीवर फडकं ओलं करून देतो.